गटारीकडची बाजू

१८ नोव्हेंबर
सोलापूर

सुबोधदादा,

नमस्कार, तब्येतीची चौकशी, वहिनींना नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद हे सगळं इथे लिहिलं आहे असं समज. तू मला फोनवर ब्लॉक केलं आहेस, त्यामुळे पोस्टाशिवाय इलाज नाही. तिकीट मागितलं तेव्हा खिडकीवरच्या मुलीने माझ्याकडे अशा कौतुकाने बघितलं की मी तिथेच आणखी दोन पाकिटं घेऊन टाकली.

काम एकच आहे. घराची तुझी किल्ली हवी आहे.

भडकू नकोस, पुढचं वाच. आईच्या वर्षश्राद्धानंतर मी ट्रेनिंगला बार्शीला गेले, तेव्हा तू दाराला कुलूप लावून नाशिकला निघून गेलास. मी परत येऊन ते बघितलं आणि बाजारातून त्याच्या दुप्पट मोठं कुलूप आणून त्याच कडीत, तुझ्या कुलपाशेजारी लावलं. घर विकायला गिऱ्हाईक आणलंस तर दाखवता येऊ नये म्हणून. त्यामुळे मलाही आत जाता येणार नव्हतं, पण त्या दिवशी तेवढं चालेल असं वाटलं. तेव्हापासून शुक्रवार पेठेत आपल्या घराला 'दोन कुलपांचं घर' म्हणतात. रिक्षावालेसुद्धा.

मी बेघरांच्या निवारा केंद्राची व्यवस्थापक आहे, हे तुला कुणीतरी सांगितलं असेलच. केंद्र एक संस्था चालवते. संस्थेने मला तिथेच खोली दिली आहे. खाट, पंखा, कपाट सगळं आहे, तेव्हा माझी काळजी करू नकोस. करत नसशील, पण लिहायची पद्धत असते.

आता शहरात आदेश निघाला आहे. फूटपाथ, बागा, पुलाखालची जागा, दुकानांच्या पायऱ्या इथे झोपायचं नाही, पथारी टाकायची नाही, चूल मांडायची नाही. ज्यांना घर नाही त्यांनी निवारा केंद्रात यावं. कागदावर वाचलं तर चूक काढण्यासारखं काही नाही. आमच्याकडे छप्पर आहे, गाद्या आहेत, संध्याकाळी गरम जेवण आहे. तरी बायकांच्या हॉलमध्ये निम्म्या गाद्या रिकाम्या असतात. लोक का येत नाहीत, असं मला मीटिंगमध्ये विचारतात. मी सांगते, एकाला बायकोला वेगळ्या हॉलमध्ये ठेवायचं नसतं, एकीची शेळी असते, आणि कमलम्माकडे तंबाखू असते.

कमलम्मा विडी कामगार आहे. अशोक चौकाच्या पुढे, विड्या जमा करायची ब्रँच आहे तिच्या जवळच फूटपाथवर राहते. आधी एका मागाच्या कारखान्याच्या माळ्यावर राहायची. कारखाना विकला गेला, माळा गेला. मुलगा सुरतेला, त्याच्याच डोक्यावर छप्पर नाही. ब्रँचमधून पानं आणि तंबाखू आणायची, पानं ओल्या फडक्यात मुरत ठेवायची, सकाळी कापायची, वळायची आणि दुपारच्या आत विड्या ब्रँचवर पोचवायच्या. हे रोजचं. काही दिवस खाडा झाला की नाव कमी होतं, आणि नाव गेलं की औषधोपचाराचं कार्डही जातं. म्हणून तिला दोन गोष्टी एकाच जागी लागतात, झोपायला आणि सूप मांडून बसायला. आमच्या केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलं आहे की तंबाखू आत आणायची नाही. पेंटरकडून ते मीच लिहून घेतलं आहे.

पुढची खोली उघडली तर ती तिथे बसेल. तुझंच कुलूप आतल्या खोल्यांना लावते. आईच्या वस्तूंना हात लागणार नाही.

परवा मी घरावरून गेले. बाबांनी बांधलेला ओटा अजून शाबूत आहे. उन्हाळ्यात आपण त्याच्यावर झोपायचो ते आठवतं का? मी एकदा लोळत जाऊन गटारीत पडले होते. तेव्हापासून तू त्या बाजूला झोपायचास आणि सकाळी उठून मला शिव्या द्यायचास, की रात्रभर डास तुलाच खातात.

किल्ली कुरिअरने पाठवलीस तरी चालेल.

चेतना


४ डिसेंबर

दादा,

तुझं पत्र मिळालं. पत्र म्हणजे एक ओळ. 'विकायला तयार असशील तर किल्ली त्याच दिवशी.' अक्षर अजून बाबांसारखं आहे, त्यांच्या मुख्याध्यापकी सहीसारखं तिरकं. माझं उत्तर 'नाही' असं आहे. कारणं तुला पाठ आहेत, त्यामुळे पाकिटाचं वजन वाढवत नाही.

बाकी कळवते. आदेश सोमवारपासून लागू झाला. पथक आलं, लोकांना उठवलं, एका गाडीत गाठोडी आणि दुसऱ्या गाडीत माणसं घालून आमच्या दारात आणलं. धक्काबुक्की नाही, शिवीगाळ नाही. पथकाचा निरीक्षक सिद्धांत म्हणून तरुण मुलगा आहे. प्रत्येकाला 'चला मावशी, चला काका' म्हणत होता. मला म्हणाला, "मॅडम, गाद्या पुरतील ना?" मी म्हटलं, गाद्या पुरतील.

कमलम्मा डोक्यावर सूप घेऊनच उतरली. दारातल्या माणसाने भिंतीकडे बोट दाखवलं. तिला वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं.

"म्याडम, बिडी मी वडत न्हाय की," ती म्हणाली. "बिडी करतो. वडनाऱ्याला भाईर ठेवा."

"नियम वस्तूला आहे, कमलम्मा. कोण ओढतं त्याला नाही."

"मग सूप भाईर ठिवतो. पानं वाळली तर उद्या काय करू? तुमी वळून देता काय?"

पहिल्या दिवशी सूप आत घेतलं आणि हॉलच्या कोपऱ्यात ठेवलं. तिने तिथेच बसून विड्या वळल्या. संध्याकाळी वैरागकडची गोजरबाई माझ्यापुढे येऊन उभी राहिली. गोजरबाईला दमा आहे. तिला बोलताना मधे थांबावं लागतं.

"बाई, म्या भांडत न्हाय. पर ती तंबाखूची धूळ लई बाधतीया मला. हितं आले ते दम खायाला जागा मिळंल म्हणून. तुमीच सांगा, म्या कुटं जाऊ?"

तिचं खरं होतं आणि कमलम्माचंही खरं होतं. मला दोघींचा राग आला. एक खोटं बोलत असती तर माझं काम सोपं झालं असतं. शेवटी मी सूप माझ्या खोलीत नेलं. आता रात्री माझ्या खाटेखाली ओल्या फडक्यात पानं मुरतात आणि सकाळी दार लावून कमलम्मा माझ्या खोलीत कात्री चालवते. पत्र्याचा एक मापाचा तुकडा आहे तिच्याकडे, तो पानावर ठेवते आणि न बघता कापते, कारण बघते माझ्याकडे आणि बोलते सुरतेबद्दल. माझ्या साड्यांना वास लागला आहे. मीटिंगमध्ये शेजारच्या बाईंनी खुर्ची जरा सरकवली.

तुझी किल्ली असती तर हे काही करावं लागलं नसतं. हे टोमण्यासाठी लिहीत नाही. म्हणजे थोडं टोमण्यासाठीही आहे.

चेतना


१९ डिसेंबर

दादा,

इथून पुढे मला पत्र घरच्याच पत्त्यावर पाठव. पोस्टमन ओट्यावर टाकतो आणि मला ते मिळतं.

केंद्रात पाहणी झाली. संस्थेचे लोक आले होते. व्यवस्थापकाच्या खाटेखाली तंबाखू सापडली, हे वाक्य अहवालात लिहिलं की फार वाईट दिसतं, हे मला मान्य आहे. कमलम्माला त्याच दिवशी बाहेर जावं लागलं. फूटपाथवर जायची सोय उरली नव्हती, म्हणून सध्या ती आपल्या ओट्यावर आहे. ओटा कुलपाच्या बाहेर असल्यामुळे तुझी परवानगी घेतली नाही. काम चालू आहे, ब्रँचवर खाडा नाही. मी थोडी रजा घेतली आहे.

ओट्यावर तशी गैरसोय नाही. समोर रेश्मा राहते, शिवणकाम करते, तू गेल्यानंतर आली. ती सकाळी "आपा, चाय पियो, फिर लड़ते बैठना दुनिया से" म्हणत कप आणून देते, आणि तिच्याकडचं न्हाणीघर वापरू देते. पहाटे मात्र फरशी इतकी गार पडते की खाली दोन पोती घातली तरी पाठीला कळतं. कमलम्माच्या, म्हणजे. दूधवाला येतो त्याच्या जरा आधी सगळ्यात जास्त थंडी असते. आणि दाराच्या फटीतून आईच्या कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास अजून येतो. खाली झोपलं की येतो, उभं राहिलं की येत नाही.

तू विचारशील की भाड्याची खोली घेऊन तिला तिथे का ठेवत नाही. विड्या वळणारी म्हातारी भाडेकरू म्हणून कुणाला नको असते. बघितल्या मी दोनतीन खोल्या. एका ठिकाणी तर मालकिणीने मलाच विचारलं, "तुमचं घर आहे ना शुक्रवार पेठेत? मग?"

तुझं कुलूप मी तोडलेलं नाही. दगड हाताशी आहे, लोहारही ओळखीचा आहे. तरी तोडलेलं नाही, एवढं तुला माहीत असावं.

चेतना


६ जानेवारी

दादा,

काल सकाळी तुझ्याशी फोनवर बोललेला माणूस सिद्धांत. तो तुला खोटं बोलला नाही. खोटं मी लिहीत होते.

आता नीट सांगते. पाहणीच्या दिवशी कमलम्माबरोबर मलाही काढलं. खोली नोकरीबरोबरच होती, ती संध्याकाळपर्यंत सोडायची होती. एक बॅग घेऊन मी बाहेर पडले. मैत्रिणीकडे गेले असते, चार दिवस काढले असते. पण कमलम्मा सूप घेऊन माझ्या मागे मागे चालत होती, आणि मला ठाऊक नव्हतं की आपण कुठे चाललो आहोत. पाय घराकडे वळले. दोन्ही कुलपांसमोर उभी राहिले, एक किल्ली हातात. मग ओट्यावर बसले. स्वतःच्या दारात बसल्यावर तिथून उठून दुसऱ्याच्या दारात जायचं माझ्याने झालं नाही. हट्टच आहे तो. तुझ्यात आहे तोच.

तेव्हापासून आम्ही दोघी ओट्यावर झोपत होतो. दिवसा मी नोकरी शोधायची, ती विड्या वळायची. गल्लीत कुणी काही बोललं नाही. मुख्याध्यापकांच्या मुलीला काय बोलणार, म्हणून गप्प राहिले असतील. पण कुणीतरी तक्रारीचा अर्ज केला असावा, कारण काल दूधवाला येऊन गेला आणि त्याच्या मागोमाग पथक आलं. मी चादर डोक्यावरून घेऊन पडले होते. वरून आवाज आला, "चला मावशी, उठा." मी चादर काढली. सिद्धांत एक पाऊल मागे सरकला.

"मॅडम? तुम्ही इथे कशा?"

दादा, मला फार लाज वाटली. बेघरांविषयीच्या मीटिंगमध्ये मी त्याच्याशेजारी बसून बिस्किटं खाल्ली आहेत. 'लाभार्थ्यांचं मन वळवणं' या विषयावर मी त्याच्या लोकांना तासभर शिकवलं आहे. आता त्यातलं कुठलं वाक्य तो माझ्यावर वापरेल, याची मी वाट बघत होते. त्याने एकही वापरलं नाही.

"हा ओटा आमचा आहे," मी म्हटलं. "आदेश सार्वजनिक जागेला आहे."

त्याने पथकातल्या माणसाकडे मोजायची टेप मागितली. मग तिथे एक गोष्ट निघाली जी बाबांनी आपल्याला कधी सांगितली नव्हती. ओट्याचा मागचा अर्धा भाग आपला. पुढचा अर्धा गटारीच्या जागेत आहे आणि ती जागा सरकारी. बाबा आयुष्यभर मुलांना शिस्त शिकवत राहिले आणि स्वतः अर्धा ओटा अतिक्रमणात बांधून गेले. मला हसू आलं. सिद्धांतही हसला, आणि खडूने मधोमध रेषा मारून म्हणाला, "मॅडम, रेषेच्या पलीकडे मला चालवून घेता येणार नाही. अलीकडे तुमची खाजगी जागा. पण मालकाची हरकत नको. घरपट्टीवर सुबोध शरच्चंद्र असं नाव आहे."

"मीपण मालक आहे."

"आहात. पण अर्जात लिहिलंय की भावाची हरकत आहे. मला त्यांना विचारावं लागेल."

तेव्हा मला कळलं की सगळं आता तुझ्यावर आहे. तू नाही म्हटलंस तर कमलम्माने पुन्हा गाडीत बसायचं, सूप खाली ठेवायचं, आणि आठवड्याभरात ब्रँचवरून नाव जायचं. माझं काय व्हायचं ते मी मोजलंच नव्हतं. तिला विचारलं, घाबरलीस का? ती म्हणाली, "चेतनम्मा, आपला भाऊ हाय की. वरडंल, पर भाईर काडनार न्हाय." माझ्या भावाला ती 'आपला' म्हणाली. मी तुला जन्मापासून ओळखते, आणि मला तेवढी खात्री नव्हती.

त्याने फोन स्पीकरवर टाकला. तुझा आवाज आला, जरा जाड झाला आहे. त्याने ओळख दिली, ओट्यावर दोन महिला झोपतात असं सांगितलं, आपली हरकत आहे का असं विचारलं. तू म्हणालास, "कोण महिला?" त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नको म्हणून. पण त्याला नोकरी आहे. तो म्हणाला, "एक कमलम्मा, विडी कामगार. दुसऱ्या चेतना मॅडम. आपल्या भगिनी."

गाडीतला माणूस इंजिन बंद करून बघायला आला की काय झालं. मला वाटलं फोन कट झाला. मग तू जे विचारलंस ते ऐकून सिद्धांत गोंधळला. त्याने मला डोळ्यांनी विचारलं, हे काय?

तू विचारलंस, "गटारीच्या बाजूला कोण झोपतं?"

तो म्हणाला, "सर, तिकडे आता कुणालाच झोपता येणार नाही, रेषा मारली आहे."

"आजपर्यंत कोण झोपत होतं?"

"चेतना मॅडम," त्याने पोत्यांकडे बघून सांगितलं.

"हरकत नाही असं लिहा," तू म्हणालास. "बहिणीला फोन द्या."

मी घेतला नाही. घेतला असता तर रडले असते, आणि पथकासमोर मला रडायचं नव्हतं. सिद्धांतने 'त्या आत्ता बोलू शकत नाहीत' असं सांगितलं आणि फोन ठेवला. आत्ता इथे लिहिताना रडते आहे, पण पत्रात ते दिसत नाही ही पत्राची एक बरी गोष्ट आहे.

पथक गेलं. कमलम्माने संक्रांत जवळ आली म्हणून आज सकाळी त्या खडूच्या रेषेवरच ठिपके मांडून मुग्गू काढला. मुग्गू म्हणजे त्यांच्याकडची रांगोळी. रेषा आता ओळखू येत नाही. सिद्धांत पुन्हा आला तर टेप घेऊनच यावं लागेल.

आम्ही दोघी आता आतल्या अर्ध्या भागात झोपतो. जागा कमी पडते. कमलम्मा झोपेत पाय मारते आणि तेलुगूत कुणाशी तरी भांडते. संस्थेला मी लिहिलं आहे की नियम तसाच ठेवा, गोजरबाईसाठी तो हवा, पण विड्या वळणाऱ्या बायकांना मागच्या अंगणात एक पत्र्याची शेड द्या. उत्तर आलेलं नाही. येईल तेव्हा येईल.

घर विकायला मी अजूनही तयार नाही. तयार झाले असं तुला वाटत असेल तर ते मनातून काढून टाक. पण आज दुपारी मी माझं कुलूप काढलं. गंजलं होतं, रेश्माकडचं मशीनचं तेल घालावं लागलं. कमलम्मा कात्री थांबवून बघत होती. कुलूप निघालं तेव्हा म्हणाली, "आता येकच ऱ्हायलं की."

हो. आता दारावर फक्त तुझं आहे. गिऱ्हाईक घेऊन आलास तरी तुला अडवायला माझ्याकडे काही नाही. माझी किल्ली या पाकिटात घातली आहे, तिला आता कुलूप नाही, पण तुझ्याकडे राहू दे.

तुझी तू पाठव. नाहीतर स्वतः घेऊन ये. आलास आणि उशीर झाला, तर त्या रात्रीपुरता ओटाच आहे. गटारीकडची बाजू तुझी. तू नव्हतास म्हणून मी तिकडे झोपत होते.

डास अजून आहेत.

चेतना